हिवाळा घरात आणताना

ऑक्टोबरच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायनाच्या जंगलात ओक आणि हिकरीची पानं घोट्यापर्यंत साचतात. त्या सुमारास वीतभराहून लहान एक कासव एखाद्या पडक्या ओंडक्याच्या कडेला पुढच्या पायांनी पाला बाजूला सारू लागतं. आधी डोकं आत जातं, मग कवचाचा अर्धा भाग. दोन दिवस ते तसंच अर्धवट दिसत राहतं, आणि थंडीची एक लाट आली की पुरतं नाहीसं होतं. फार खोल जात नाही. पाला आणि माती मिळून चार-सहा इंच, थंडी वाढली तर थोडं आणखी. मग एप्रिलपर्यंत खाणं नाही आणि फिरणंही नाही.

या कासवाला तिकडे बॉक्स टर्टल म्हणतात. अमेरिकेच्या पूर्व भागातलं हे जमिनीवरचं कासव. घुमटासारखं उंच कवच, त्यावर पिवळ्या-नारिंगी रेघोट्या, आणि नराचे डोळे बहुधा लालभडक. पोटाकडच्या कवचाला आडवी बिजागरी असते. धोका वाटला की डोकं-पाय आत घेऊन ते पुढून-मागून झाकण लावतं, करंड्याचं लागतं तसं, आणि मध्ये साधं पातंही सरकत नाही. नॉर्थ कॅरोलायनानं १९७९ साली त्याला राज्याचा सरपटणारा प्राणी म्हणून मान दिला, टेनेसीनं १९९५ मध्ये. चेरोकी स्त्रिया याच कवचांत खडे भरून ती पायांना बांधतात आणि नाचताना त्यांचा ठेका धरतात. तिथल्या माणसांच्या आयुष्यात हे कासव असं जुनं आहे.

त्याच्या झोपेबद्दल वाचताना मी एका ठिकाणी थबकले. ओहायोतल्या मायामी विद्यापीठात जॉन कॉस्टान्झो आणि डेनिस क्लॉसन यांनी १९९० साली दाखवून दिलं, की हे कासव चक्क गोठूनही जगतं. शरीरातल्या पाण्याचा निम्म्याहून जास्त भाग बर्फ झालेला, हृदय थांबलेलं, आणि तरीही हळूहळू उबेत आणलं की ते पुन्हा चालू लागतं. बर्फ पेशींच्या आत होत नाही, पेशींच्या मधल्या जागेत होतो, म्हणून हे साधतं. एवढ्या आकाराचा दुसरा कुठलाही प्राणी हे करताना आढळलेला नाही. अर्थात याला मर्यादा आहे. शून्याच्या खाली दोन-तीन अंश, तेही काही दिवस. त्यापुढे मरणच. पण वरच्या उथळ पाल्यात झोपणाऱ्या प्राण्याला एखादी कडक रात्र निभावून न्यायला तेवढं पुरतं.

ही सगळी व्यवस्था जंगलाची आहे. थंडी हळूहळू उतरवणं, ओल टिकवणं, अंधार आणि वसंतात पुन्हा ऊब, यातलं काहीही कासव स्वतः करत नाही. त्याला फक्त योग्य जागी शिरायचं कळतं. मग तेच कासव एखाद्या घरात राहत असेल तर? तिथं गालिचा आहे, बावीस अंशांवर लावलेला थर्मोस्टॅट आहे, खिडकीबाहेर बर्फ असला तरी आत कायम ऑक्टोबर आहे. त्याच्या हिवाळ्याचं काय करायचं? या प्रश्नाचं उत्तर शोधत मी रॅलेजवळच्या केरी गावात एका मराठी घरी गेले. तिथं पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. हे घर मूळचं सांगलीचं, माझ्या भावाच्या ओळखीचं; तिथल्या नवरा-बायकोला मी दादा-वहिनी म्हणते.

वहिनींनी मला गॅरेजात नेलं. गाडीच्या मागे, भिंतीलगत, कमरेएवढा एक जुना फ्रिज होता. त्यावर मराठीत लिहिलेला कागद चिकटवला होता: ‘आबा झोपले आहेत. दार उघडल्यास लगेच लावा.’

आबा म्हणजे बॉक्स टर्टल. जखमी आणि सोडून दिलेली कासवं सांभाळणाऱ्या तिथल्या एका संस्थेकडून त्यांनी तो दत्तक घेतला आहे. आधी कुणाच्या तरी तळघरात तो वर्षानुवर्षं होता. खायला फक्त लेट्युसची पानं मिळत होती, त्यामुळे अ जीवनसत्त्वाच्या अभावानं डोळे सुजून मिटले होते आणि कानाच्या जागी गळू झालं होतं. बॉक्स टर्टलच्या बाबतीत हे नेहमी दिसणारं दुखणं आहे, आणि पाळलेल्या कासवांत ते बहुधा माणसाच्या हातचंच असतं. जंगलात हा प्राणी गोगलगायी, गांडुळं, अळंबी, बेरी, मेलेला बेडूक, सगळं खातो. नुसता पाला खाऊन त्याचं भागत नाही. आबाचा मूळ पत्ता कुणालाच ठाऊक नसल्यानं त्याला जंगलात सोडता येत नाही.

‘पहिल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, याला यंदा झोपवायचं नाही,’ वहिनी सांगत होत्या. ‘आजारी माणसाला उपास घडवतं का कुणी? मग तो हिवाळा दिवे लावून, गरम ठेवून काढला. वजन चांगलं भरल्यावर पुढच्या वर्षी परवानगी मिळाली.’

परवानगी मिळाल्यावरची तयारी सप्टेंबरात सुरू होते. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर डोळे, तोंड, नाक बघतात, शेण तपासून जंत बघतात, वजन नोंदवतात. आबाचं वजन चारशे वीस ग्रॅम. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं जेवण, आणि त्यानंतर तीन आठवडे काही नाही. या तीन आठवड्यांत त्याला उबेतच ठेवतात, आणि वरकरणी विचित्र वाटणाऱ्या या नियमातच सगळं मर्म आहे. कासवाला स्वतःची उष्णता नाही. पचन बाहेरच्या उबेवर चालतं. पोटात अन्न असताना थंडी दिली तर पचन थांबतं, पण अन्न थांबत नाही. ते कुजतं, वायू धरतो, आतड्यातले जिवाणू रक्तात उतरतात. बाहेरून कासव शांत झोपलेलं दिसतं आणि आतून सडत जातं. म्हणून आधी पोट रिकामं व्हायला ऊब द्यायची आणि मगच थंडी. अनेक घरांत नेमकं हेच उलटं होतं. थंडी पडली, कासव खाईना, म्हणून लगेच खोक्यात.

या दिवसांत रोज कोमट पाण्यात बसवणं मात्र चालू राहतं. पाणी उथळ, हनुवटीच्या खाली राहील एवढं. कासव त्यात पाणी पितं, आतडी मोकळी करतं, आणि मूत्राशयात पाणी साठवून घेतं. झोपेतल्या कासवाला भुकेपेक्षा कोरडं पडण्याचा धोका मोठा. चरबी त्याच्याजवळ महिनोन्‌महिने पुरेल इतकी असते, पाणी नसतं.

मग उतरण सुरू होते. आधी घरातल्या न तापवलेल्या खोलीत पंधरा अंश, काही दिवसांनी दहा, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला फ्रिज. आत प्लॅस्टिकचा एक डबा, झाकणाला आणि बाजूंना भोकं, त्यात ओलसर माती, स्फॅग्नम मॉस आणि वरून बागेतली ओकची पानं. माती हातात दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, एवढीच ओल. फ्रिज पाच अंशांवर. काट्यावर विश्वास नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर. त्याची तार दाराच्या फटीतून बाहेर आली आहे आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त तापमान तो लक्षात ठेवतो. दोनच्या खाली गेला किंवा आठच्या वर चढला की फोनवर सूचना वाजते. या फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवत नाहीत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, तेव्हा दूध-भाजी शेजारी नको. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे ती याच जंतूपायी. लहान मुलं ती तोंडात घालत.

‘गॅरेज थंडच असतं ना, मग फ्रिज कशाला?’ मी विचारलं.

दादा हसले. ‘इथला जानेवारी बघा तुम्ही. आज सकाळी शून्य, परवा दुपारी अठरा. आम्हाला बरं वाटतं, पण याची तारांबळ.’

मी गेले तो दिवस वजनाचा होता. दर आठवड्याला एकदा. दादांनी डबा काढला, पानं बाजूला केली, आणि दोन्ही हातांनी आबाला उचलून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. कवच थंडगार. मी बोट लावलं तेव्हा फरशीवर टेकल्यासारखं वाटलं. बिजागरी पूर्ण मिटलेली नव्हती, कडेला बोटभर फट होती, आणि त्या फटीतून एक पुढचा पाय दिसत होता. पायावर नारिंगी खवले. दादांनी तळपायाला नखानं अगदी हलकं टोचलं. पाय आत गेला, पण इतक्या सावकाश की तो हलतोय हे कळायलाच मला वेळ लागला. ‘जिवंत आहे, आणि झोपलाही आहे,’ दादा म्हणाले. काट्यावर चारशे तेरा. वहीत तारखेपुढे आकडा गेला. नाकपुड्या कोरड्या आहेत का, पोटावर लाल डाग नाहीत ना, हे टॉर्चनं पाहिलं. मिनिट-दीड मिनिटात आबा परत डब्यात. फ्रिजचं दार तेवढ्या वेळ उघडं ठेवलं होतं, हवा बदलावी म्हणून. एरवीही दिवसाआड ते उघडून लावतात.

महिन्याला एक टक्का वजन गेलं तर ठीक. एकूण दहा टक्के गेलं, किंवा एकाच आठवड्यात घसरण दिसली, तर वाट न बघता उठवायचं. वहीतल्या त्या आकड्यांखेरीज झोपलेल्या कासवाकडून दुसरा निरोप येत नाही. ते ओरडत नाही, तडफडत नाही. मेलेलं आणि झोपलेलं यांतला फरक बाहेरून कितीतरी दिवस कळत नाही. म्हणून ही वही मला त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू वाटली.

आता झोप आणि जाग यांच्या मधल्या तापमानाबद्दल, कारण घरात पाळलेली कासवं जास्त करून तिथंच मरतात. दहा अंशांच्या खाली कासवाचं शरीर इतकं मंदावतं की साठा पुरतो. बावीस-पंचवीसच्या वर ते नीट जागं असतं, खातं, पचवतं. या दोहोंच्या मध्ये, तेरा ते अठरा अंशांत, ना धड झोप ना धड जाग. शरीर चरबी जाळत राहतं, पण भूक लागत नाही, आणि खाल्लं तरी पचत नाही. रोगाशी लढणारी यंत्रणा निम्मी बंद असते. तळघराचा कोपरा, कोठीची खोली, खिडकीजवळचा टब, यांचं हिवाळ्यातलं तापमान नेमकं एवढंच असतं. पाळणाऱ्याला वाटतं, झोपलंय. ते तीन महिने उपाशी राहून झिजत असतं आणि मार्चमध्ये उघडलेल्या डोळ्यांत पू असतो.

हे वाचणाऱ्या पुण्या-नाशिकच्या वाचकांनी इथं जरा थांबावं. आपल्याकडे बॉक्स टर्टल नाही, पण काचेच्या पेटीत रेड-इअर्ड स्लायडर असलेली घरं गल्लोगल्ली आहेत. कानाजवळ लाल पट्टा असलेलं, नाण्याएवढं असताना विकलं जाणारं ते हिरवं कासव. ते मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री दहाच्या खाली उतरतात, पेटीतलं पाणी सोळा-सतरावर येतं आणि कासव खाणं सोडतं. घरचे म्हणतात, शीतनिद्रा घेतोय, त्याला उठवू नका. ती शीतनिद्रा नसते. दुपारी पाणी पुन्हा तापतं, रात्री पुन्हा गार, आणि कासव त्या मधल्या पट्ट्यात अडकून पडतं. थोड्याच दिवसांत ते पाण्यात एका बाजूला कलून तरंगू लागतं, नाकाशी बुडबुडे येतात, तोंड उघडून श्वास घेतं. तो न्यूमोनिया आहे. आपल्या हवेत याला एकच उत्तर आहे: पाण्यात हीटर, वर ऊन किंवा दिवा, आणि पेटी उबदार. महाराष्ट्राच्या घरांत त्याला नीट झोपवणारा हिवाळा पडत नाही, तेव्हा तसा आव आणू नये. आपली स्वतःची कासवं तर उन्हाळ्याशी जमवून घेतात. तळी आटली की मऊ कवचाचं आपलं कासव चिखलात रुतून पावसाची वाट बघतं. ते कासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं तारा कासव, दोन्ही घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. लाभाचं म्हणून तारा कासव हौदात ठेवणाऱ्यांनी हे कानाआड करू नये. २०२२ च्या दुरुस्तीनं परदेशी प्राण्यांतल्याही आंतरराष्ट्रीय यादीतल्या जाती पाळणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली आहे.

कासवाचा हिवाळा सांभाळण्याची माणसांची खटपट जुनी आहे, आणि तिचा एक जुना तपशीलवार रोजनामा बॉक्स टर्टलचा नसून इंग्लंडातल्या एका कासवाचा आहे. सेलबोर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांच्याकडे १७८० साली त्यांच्या आत्याच्या घरून टिमथी नावाचं भूमध्य प्रदेशातलं कासव आलं. ते नोव्हेंबरात कधी जमिनीत शिरलं, एप्रिलात कधी वर आलं, किती वजनाचं भरलं, हे व्हाइट लिहून ठेवत गेले. टिमथी मादी होती हे पुढं कळलं. तिचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. व्हाइटनी टिमथीला तिच्या मनाप्रमाणे खणू दिलं, आणि बागेतली जमीन पुढचं बघत गेली. विसाव्या शतकात त्याच जातीची कासवं बोटी भरभरून इंग्लंडात आली. तेव्हा लोक ती गवत भरलेल्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवू लागले. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातही दरवर्षी ते खोकं दाखवत. गवत ऊब देत नाही, ते फक्त बदल थोडा लांबवतं. माळ्यावर फेब्रुवारीचं ऊन पडलं की आत पंधरा, रात्री उणे. शिवाय पुष्कळ कासवं मुळात अशक्त, प्रवासातच खंगलेली. १९८४ साली हा व्यापार बंद झाला. मागे उरलेल्या कासवांना जगवण्याच्या धडपडीत तिथल्या पाळणाऱ्यांनी आणि पशुवैद्यांनी फ्रिज वापरायला सुरुवात केली. केरीच्या गॅरेजातला फ्रिज या अनुभवातून आला आहे.

मुळात झोपवावंच कशाला, असं मी त्या भागातल्या एका पशुवैद्य बाईंना विचारलं. दिवे आहेत, हीटर आहे, वर्षभर जागं ठेवावं. त्या म्हणाल्या, काही कासवांसाठी तेच योग्य. आजारी, वजनात कमी, फार लहान, नुकतं विकत आणलेलं, जखमेतून उठलेलं, यांना जागंच ठेवायचं. शिवाय मूळ गाव बघायचं. दक्षिण फ्लोरिडातलं बॉक्स टर्टल हिवाळ्यातही हिंडत असतं. त्याला पाच अंशांत ठेवणं म्हणजे खून. आणि दुकानातून घेतलेलं कासव कुठल्या प्रदेशातलं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

पण उत्तरेकडच्या, धडधाकट, मोठ्या कासवाबद्दल त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि मला ते पटलं. अशा कासवाच्या अंगात एक पंचांग असतं. बाहेर दिवस लहान झाला, की गरम खोलीतसुद्धा ते खाणं कमी करतं, कोपऱ्यात खणू लागतं. दिव्यांचे तास वाढवून, उष्णता वाढवून त्याला जागं ठेवता येतं. मात्र हा खेळ वर्षानुवर्षं चालवला तर ते वाजवीपेक्षा भराभर वाढतं, लठ्ठ होतं, विणीचं चक्र बिघडतं. लाखो वर्षं जे शरीर वर्षाचे काही महिने थांबत आलं आहे, त्याला कधीच थांबू न देणं हाही एक त्रासच. अर्धंमुर्धं झोपवणं हे या सगळ्यांत सर्वांत वाईट, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. झोपवायचं तर पुरतं, जागवायचं तर पुरतं.

माझं मत याच्याही आधीच्या टप्प्यावर ठाम होत गेलं. हे कासव घरात येतंच कसं? बहुतेक वेळा रस्त्यावरून. पावसानंतर जंगलाकडेचा रस्ता ओलांडताना कुणाला दिसतं, मुलं गाडीत असतात, दया येते आणि कासव मागच्या सीटवर. या दयेनं फार नुकसान केलं आहे. लुसिल स्टिकेल या बाईंनी १९४४ साली मेरीलँडमधल्या पटक्सेंट संशोधन केंद्राच्या नदीकाठच्या जंगलात बॉक्स टर्टल मोजायला घेतले. कवचाच्या कडेला खाचा करून त्यांनी प्रत्येकाला ओळख दिली. काहींच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवलं. कासव चालेल तसा दोरा उलगडत जाई, आणि बाई त्या दोऱ्यामागून झुडपांतून जात. निघालं ते असं, की एका कासवाचं सगळं जग जेमतेम शंभर मीटरांत मावतं. त्यात पाण्याची जागा ठरलेली, बेरीचं झुडूप ठरलेलं. वर्षानुवर्षं ते तिथंच असतं. दर दहा वर्षांनी मोजणी होत राहिली आणि सत्तरच्या दशकात संख्या घटलेली दिसली, तीही संरक्षित जंगलात. पुढे त्या त्याच केंद्राच्या प्रमुख झाल्या.

असं कासव वीस मैलांवर नेऊन ‘छान जंगलात’ सोडलं तर ते त्या छान जंगलात राहत नाही. घर शोधत चालत सुटतं, रस्त्यांमागून रस्ते ओलांडतं, आणि थंडी आली तरी त्याला झोपायची जागा सापडलेली नसते. म्हणून तिथले जाणते एकच सांगतात: ज्या दिशेनं तोंड आहे त्याच दिशेला रस्त्यापलीकडे ठेवा आणि आपल्या वाटेनं जा. जखमी असेल तर रॅलेच्या एनसी स्टेट विद्यापीठात पशुवैद्यकाचे विद्यार्थी १९९६ पासून जखमी कासवांसाठी पथक चालवतात. गाडीखाली फुटलेली कवचं ते सांधून देतात, आणि सापडलेली नेमकी जागा विचारून घेतात, म्हणजे बरं झालेलं कासव तिथंच परत नेता येतं. ग्रीन्सबरोच्या विद्यापीठातून २००७ पासून चाललेली बॉक्स टर्टलची पाहणी तर शंभर वर्षं चालवायच्या हिशेबानं आखली आहे. सुरू करणाऱ्यांना तिचा शेवट दिसणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

शंभर वर्षं लागतात, कारण प्राणीच तसा आहे. मादी वयात यायला सात-दहा वर्षं घेते. एका वेळी तीन ते सहा अंडी, त्यातली बहुतेक रॅकून आणि कोल्हे खातात. तीस-चाळीस वर्षं जगणारं कासव सर्रास सापडतं, काही त्याहून खूप पुढे जातात. आयुष्यभरात एखाद-दुसरं पिल्लू मोठं झालं की तिची जागा भरली. म्हणून एका जंगलातून दरवर्षी दोन-चार मोठ्या माद्या उचलल्या गेल्या, तरी तिथली वस्ती बसत जाते आणि वीस वर्षं कुणाच्या ध्यानातही येत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या हौशी लोकांसाठी ही कासवं हजारोंनी निर्यात होत होती. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात त्यांना दुसऱ्या परिशिष्टात घातलं गेलं आणि तो ओघ आटला. मग चोरटा व्यापार वाढला. जून २०२४ मध्ये व्हरमाँटमध्ये, कॅनडाच्या सीमेवर पसरलेल्या वॉलेस तलावाच्या काठी, हवा भरायच्या कयाकपाशी एका बाईला पकडलं. तिच्या पिशवीत एकोणतीस बॉक्स टर्टल होते, प्रत्येक एकेका मोज्यात गुंडाळलेलं. हालचाल करू नये, आवाज होऊ नये, म्हणून मोजे. आशियातल्या श्रीमंत हौशींकडे नक्षीदार कवचाला मोठी किंमत येते. मोज्यात बांधून टपालानं जाणारं कासव अन्नपाण्यावाचून जगतं, आणि त्याच्या याच चिवटपणावर हा धंदा चालतो.

दादा-वहिनींनी आबाला बारा आठवड्यांनी, जानेवारीच्या शेवटी उठवायचं ठरवलं आहे. झोप जितकी लांबेल तितकी चांगली असं नाही. माणसाच्या देखरेखीत दहा-बारा आठवडे भरपूर झाले. उठवतानाही उतरणीचीच वाट उलटी. आधी दहा अंश, मग पंधरा, मग एका दिवसात खोलीची ऊब आणि वर दिवा. पहिली गोष्ट अन्न नव्हे, पाणी. कोमट पाण्यात अर्धा तास, रोज. इतके दिवस साचलेला मळ मूत्रपिंडांतून निघून जायला हवा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी या वेळी सगळ्यात कमी असतात, म्हणून जखम, नाक, तोंड पुन्हा तपासायचं. आठवड्याभरात खायला लागलं पाहिजे. दहा दिवस झाले आणि तोंड लावलं नाही, तर डॉक्टर. गेल्या वर्षी आबानं सहाव्या दिवशी गांडूळ धरलं, पण गिळायच्या आत सोडून दिलं, आणि दोन दिवस वहिनींना जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी स्ट्रॉबेरी खाल्ली. त्यांनी ती तारीख वहीत लाल शाईनं लिहिली आहे.

निघताना मी दत्तक घेतल्याचा करार बघायला मागितला. त्यात कासवाचं अंदाजे वय तीस ते चाळीस लिहिलं आहे. दादा छप्पन्न वर्षांचे आहेत. करारात एक रकाना असा आहे, की तुम्हाला सांभाळणं जमेनासं झालं तर कोण सांभाळेल. मुलगी शिकागोला शिकते, तिच्या अपार्टमेंटमध्ये प्राणी चालत नाहीत, आणि पुढे ती कुठं असेल कुणास ठाऊक. तिनंच आईला सांगितलं, माझं नाव नुसतं लिहायला म्हणून लिहू नका. मग त्यांनी शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण शिक्षकाला विचारलं. तो पिढ्यान्‌पिढ्या नॉर्थ कॅरोलायनाचाच आहे, शाळेत जीवशास्त्र शिकवतो. त्याला दोन हिवाळे दर आठवड्याला वजनाच्या दिवशी बोलावलं, कोमट पाण्याचा अंदाज हातावर घ्यायला शिकवलं, सप्टेंबरात डॉक्टरांकडे सोबत नेलं. यंदा रकान्यात त्याचं नाव गेलं. त्यानं आपल्या गॅरेजासाठी एक जुना फ्रिज बघून ठेवला आहे. तो नीट पाच अंश धरतो का, हे बघायला फक्त पाण्याच्या बाटल्या भरून तो या हिवाळ्यात चालू ठेवला आहे, आणि वहीत रोजचे दोन आकडे लिहितो आहे.